अर्धा गोल

रविवार संध्याकाळ, नांदेड

काय फुटबॉलची मॅच झाली!

सकाळी बायकोला मोबाइलवर सट्ट्याचे भाव दाखवले. पैसे लावायचे न्हाईत, नुसता अंदाज. भाव सांगत होते, दोन्ही देशांचे मिळून अडीचपेक्षा जास्त गोल होणार.

"अर्धा गोल कसा असतो हो?" सुनंदा म्हणाली. लई हसलो मी. मी 'जास्त' धरलं, म्हंजे तीन किंवा वर; तिनं मुद्दाम 'कमी', म्हंजे दोन किंवा खाली. हरणाऱ्यानं आठवडाभर चहा करायचा.

नव्वद मिनिटांत एक-एक बरोबरी. मग जादा वेळेत तिसरा गोल! मी पलंगावर चढून नाचलो, शेजारचे धावत आले. सुनंदानं शांतपणे माझीच अंदाजांची वही उघडली. त्यात माझंच अक्षर: 'सट्टाबाजार फक्त नव्वद मिनिटांचे गोल मोजतो.' विसरलो कसा मी?

"म्हंजे दोनच की," ती म्हणाली. "अर्ध्या गोलानं हरलात."