नळीची नाडी

४ जानेवारी १९९९
सुधाकरचा आज लॅबमधला शेवटचा दिवस. पाच वर्षं एका टेबलावर काम केलं. आता दिलसुखनगरला कॉम्प्युटरचा कोर्स, मग अमेरिका. जाताना म्हणाला, "मॅडम, आप भी सीख लो. नस उगाने में उमर जाएगी." हसले. नंतर डबा खाल्ला, उभ्यानंच.

११ जाने.
तीन नळ्या लावल्या. विरघळणाऱ्या जाळीची नळी, तिच्यावर बकऱ्याच्या रक्तवाहिनीतल्या पेशी. दोन महिन्यांत जाळी जाईल, पेशींची भिंत उरायला हवी, तीच नस. मागच्या खेपेला आतून द्रव नुसता संथ सोडला होता. भिंत ओल्या कागदासारखी फाटली. या वेळी पंपानं ठोके द्यायचे, हृदयासारखे.

२ फेब्रु.
अप्पांच्या डाव्या हातातली डायलिसिससाठी जोडून केलेली नस बंद पडली. डॉक्टर म्हणाले, उजव्या हातात नवी करू, पण त्यानंतर जागा उरत नाही. दादाला न्यू जर्सीला फोन केला. म्हणाला, "तू आहेस ना तिथे." आहे.

१९ फेब्रु.
दोन नळ्यांतला द्रव गढूळ. जंतू शिरले. फेकून दिल्या. चूक माझीच असणार, खोलीत दुसरं कोण आहे.
एक उरली.

८ मार्च
डायलिसिसला अप्पांच्या शेजारी चार तास. प्रथमच विचारलं त्यांनी, "तुझी ती नस माणसाला कधी बसते?"
"आधी बकरीला, अप्पा. माणसाला अजून कितीतरी वर्षं."
"हौ. मग बकरीचं पहिले कर. माझ्यासाठी घाई नक्को."


१६ मार्च
नळी काढली. पांढुरकी, करंगळीएवढी. टोकाला टाका घालून ओढला, भिंत फाटली नाही. रक्तदाबाच्या दुप्पट दाब दिला, तोही धरला! सांगायला वळले तर मागे कुणी नाही. जामबागला घरी फोन लावला. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "जेवलीस का?"

२३ मार्च
बकरीच्या मानेत नळी बसवली. सर्जननी चिमटे सोडले, नळी लाल झाली, बोटाखाली उडू लागली. आत गुठळी होते की नाही, ते कळायचंय.
उद्या सकाळी अप्पांच्या उजव्या हाताचं ऑपरेशन, सही मलाच करायची. बकरीची पहिली तपासणीही तेव्हाच. जनावरांच्या डॉक्टरांना वॉर्डाचा नंबर देऊन ठेवलाय. ठोका लागला नाही तर फोन करा, म्हटलं. लागला, तरी करा.