जवसाचं तेल

माय, आज नातीच्या कॉम्प्युटरवर बोटं ठेवली आणि तूच आठवलीस. तुला वाचता येत नव्हतं, तरी लिहिते. दुसरं कुणाला सांगू?

केनवडच्या आपल्या ओसरीत रिसोडच्या क्लासमधली टायपिंगची मशीन आली तो दिवस. परीक्षेला क्लासची मशीन आपणच उचलून न्यायची, असा तेव्हा रिवाज. म्हणून सरांनी ती आधीच सरावाला दिलेली. तू हात धुऊन शेजारी बसतेस. "हे लांब पट्टी कायची व?" दोन शब्दांत जागा सोडायची, मी सांगते. "जागा सोडाले बी बटन!" तू पदर तोंडाला लावून हसतेस. शिफ्ट दाबली की त्याच बटणाचं दुसरं अक्षर उठतं, ओळ संपत आली की घंटी वाजते, आणि हे बॅकस्पेस, एक घर मागे नेतं. "मंग लिव्हलेलं पुसते?" पुसत नाही. "मंग मांगं जाऊन करते काय ते?" मी पुढची ओळ बडवायला घेते. बाबांनी बजावलं होतं, पास झाली तर नोकरी, नाहीतर आलेलं स्थळ पक्कं. जीव गेला तरी मला पास व्हायचं होतं.

आणि तू काय केलंस! बटणं दाबून पोरीची बोटं दुखतात म्हणून, मला न सांगता, कोंबडीच्या पिसानं अक्षरांच्या एकेका काडीला जवसाचं तेल लावलंस आणि सराव संपल्यावर मशीन परीक्षेपर्यंत जुन्या लुगड्यात बांधून ठेवलीस. घरात तेच तेल होतं. वैशाखातलं ऊन. वाशिमला परीक्षेच्या हॉलमध्ये मी गाठ सोडली तेव्हा आधी वास आला. तेल वाळून डिंक झालेलं. बटण दाबलं की काडी वर जायची ती तिथेच उभी, खाली यायचं नावच नाही. एका हातानं टाइप करतेय, दुसऱ्यानं काड्या ओढतेय, आजूबाजूच्या घंट्या वाजताहेत. अगं माय, रडून रडून मला कागदसुद्धा दिसेना. वेळ संपली.

घरी आले तर तू दारातच. "मशीन चांगली चालली ना व? म्या तेल लावलं होतं." तुझा तो चेहरा बघून मी म्हणाले, "हो माय, लोण्यावानी."

नापास झाले. बाबा आणखी एकदा बसवायला तयार होते गं! तूच म्हणालीस, "मशीन चांगली होती, पोरीलेच नाई जमत. कायले उगाच? त्या स्थळाले देऊन टाका." मी चुलीपाशी ऐकत होते. ओरडावंसं वाटलं, पण काय ओरडणार? सासरी जन्म गेला. तू गेलीस तीसुद्धा पोरगी मठ्ठ होती असं समजून. ते मला अजून सोसत नाही, माय. आतून नुसती आग होते.

नातीच्या या कॉम्प्युटरची बटणं हलकी आहेत, आपली आपण वर येतात. आणि इथलं बॅकस्पेस मागे जाता जाता पुसतं. तुला वाचता येत नव्हतं हे ठाऊक असूनही तेलाचं लिहिलेलं ठेवायची मला भीती वाटते. सगळं पुसते. मशीन लोण्यावानी चालली, माय, एवढंच ठेवते.