तारा चढवण्याआधी

तीर्थस्वरूप ताईस, धाकट्याचा नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का? सूनबाई नीट जेवते ना?

मी मजेत. साठीत वाद्यं घडवायला शिकतोय, म्हणून कारखान्यात सगळे मला ‘आजोबा’ म्हणतात. बोटांना घट्टे पडलेत, एवढंच.

माझं पहिलं व्हायोलिन तयार आहे. पण आवाज गोड व्हावा या हावेपोटी वरची फळी मी जरा जास्तच तासली. तारांचा ताण तिला सोसेल का, या धास्तीनं घास उतरत नाही. फुटली तर वर्षाची मेहनत पाण्यात.

गुरुजी हसतात, “आजोबा, तारांवाचून ते नुसतं खोकं!”

रोज तारा हातात घेतो, परत ठेवतो. लहानपणी झाडाखालून ओरडायचीस ना, “चढ रे, मी आहे खाली”? तसं काहीतरी लिही. लवकर लिही.

तुझा धाकटा