शेवटची पाच मिनिटं

गोरेगाव, शुक्रवार सकाळ

प्रिय भूमेश्वरी,

तुझं निवडणुकीचं प्रचारपत्रक मिळालं. फोटोत शाळेतल्यासारखीच हसली आहेस. कॉन्व्हेंटच्या वक्तृत्व स्पर्धेतला कपही छापलास. तो बघून सिस्टरांचं टेबल, पितळी घंटा आणि तुझ्या तेल चोपडलेल्या दोन वेण्या आठवल्या. वेळ संपल्याची घंटा वाजवायचं काम माझ्याकडे असायचं, कारण मला भाषणाची भीती वाटायची! आणि आता गावचं केबल चॅनल मीच चालवते.

चॅनलवर कुणाचं भाषण कधी, याच्या चिठ्ठ्या तुझ्यासमोरच टाकल्या होत्या. उमेदवार दोघी, प्रत्येकीला पाच मिनिटं, संध्याकाळी सातला. शकुंतलाबाईंना बुधवार आला, तुला आजचा, प्रचाराचा शेवटचा दिवस. पण त्यांचं रेकॉर्डिंग करताना माइक सुरू करायला मी विसरले आणि न तपासताच लावून टाकलं. पाचही मिनिटं नुसते ओठ हलत राहिले.

काल बाजारात त्यांच्या भाजीच्या दुकानी माफी मागायला गेले. म्हणाल्या, "बाई, टीव्हीवर मी त मुकीच होऊन राहिली! लोक म्हणतात, शकुंतला पहिल्यांदा गप बसली." हसल्या, पण तीच वांगी दोनदा तोलली. मैत्रिणीसाठी मीच आवाज दाबला, असंही बोललं जातंय.

त्यांचं भाषण पुन्हा रेकॉर्ड केलंय. ते आज तुझ्यानंतर लगेच लागेल. तुझा पुतण्या टिकेश येऊन गेला. "मावशी, त्यांचं दुपारी लावा नं! घरच्याच माणसाले काऊन मागं ओढून राहिल्या?" दुपारी सगळे धानकापणीला असतात, हे त्याला ठाऊक आहे. मी त्याला चहा दिला, दुपारची वेळ दिली नाही.

पण हे सांगायला फोनही पुरला असता. चिठ्ठी लिहून हातोहात पाठवतेय ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. त्या स्पर्धेत तुझी वेळ संपली होती गं. घड्याळ समोर होतं, तरी मी पूर्ण एक मिनिट घंटा वाजवली नाही. तुझा शेवट फार सुंदर चालला होता. दुसरी आलेल्या चंदाची घंटा मात्र सेकंदावर वाजवली. ती नंतर नळापाशी रडत होती. चाळीस वर्षांत हे कुणाला सांगितलं नाही. आज दोनला रेकॉर्डिंगला ये. टेबलावर घंटा ठेवली आहे, आणि ती वाजण्याआधीच तू संपवशील याची मला खात्री आहे. रविवारी मत तुलाच देणार. जास्तीचं मिनिट मात्र एकदा देऊन झालंय.

घंटा सांभाळणारी, तुझीच
नीतू