बोलायचं मी बघते

आई,

स्पॅनिश म्हणजे नेमकं काय, हे मी तुला कधी धड सांगितलंच नाही. मी पुण्याहून शिकून आले तेव्हा तू विचारलं होतंस, तांदूळ निवडता निवडता. "कुठली गो ही भाषा? कोन बोलतं?" मी म्हटलं, लांबच्या देशातली आहे, तुला नाही कळायचं. तू म्हणालीस, "लांबची असली म्हनून काय झालं, मानसंच बोलत असतील ना?" आणि मी हसले होते, चार बुकं शिकलेली माणसं हसतात तशी. तुला जाऊन आता बारा वर्षं झाली. आज रविवार आहे, दुपारची वेळ, नववीच्या वह्या तपासायच्या राहिल्यात, त्या बाजूला सारून तुला लिहायला बसलेय. तुझं बोलणं मी बंद केलं, त्याबद्दल लिहायचंय. दुसरं काही नाही.

मी काय काम करते तेही तू कधी नीट पाहिलं नाहीस, म्हणून आधी तेच सांगते. पंधरा वर्षांचं पोर म्हणजे घरी मराठीतसुद्धा "हं" आणि "माहीत नाही" यापुढे जात नाही, त्याच्या तोंडून मला परकी भाषा काढायची असते. पहिल्या वर्षी मी पुस्तकातले तक्ते घेऊन उभी राहायचे. क्रियापदांची रूपं घोकून घ्यायचे. पोरं जांभया द्यायची, आणि मी घरी येऊन तुझ्यावर चिडायचे. मग एकदा मे महिन्यात आपल्या वाडीवर आले आणि तुला त्या मुंबईकर पोरांबरोबर पाहिलं. सगळ्या घरांतली माणसं मुंबईला, सुट्टीत त्यांची पोरं यायची ती हिंदी नाहीतर अर्धं इंग्रजी बोलत. तू कुणालाही "असं नाही, तसं म्हण" म्हणाली नाहीस. तू निरोप द्यायचीस. "जा रं, वरच्या घरी काकीला सांग, रोवळी दे म्हनावं." पोरगं रोवळी, रोवळी करत पाखाडीच्या पायऱ्या चढायचं. एकाने वर जाऊन सूप मागितलं आणि सूपच घेऊन आला. सूप घेतलंस, त्यात तांदूळ पाखडलेस, आणि म्हणालीस, "आता परत जा नि रोवळी आन, तांदूळ धुवायचं हायत." त्या पोराला रोवळी शब्द मरेपर्यंत लक्षात राहील.

ते मी उचललं, आई. तुला न सांगता उचललं. शाळेत शिपाईमामांना शिकवून ठेवलं की "तिसा" म्हटल्याशिवाय खडू द्यायचा नाही, आणि पोरांनी दुसरंच काही मागितलं तर तेच द्यायचं. ऑफिसातल्या बाईंना, स्वयंपाकाच्या मावशींना एकेक शब्द वाटून दिला. पोरं शाळाभर निरोप घेऊन पळायला लागली. खडूऐवजी खुर्ची उचलून आणणाऱ्यालाही मी रागावायचं नाही असं ठरवलं; खुर्चीवर बसायचं, आणि त्याला परत पाठवायचं. तीन महिन्यांत वर्ग बोलायला लागला. मुख्याध्यापक म्हणाले, बाई, ही पद्धत कुठल्या कोर्समध्ये शिकलात? मी म्हटलं, पुण्यात. हे मी तुला आज पहिल्यांदा सांगतेय.

मग तुझा गुडघा गेला आणि मी तुला महाडला घेऊन आले. तू आल्या आल्या आमच्या बिल्डिंगीतल्या सगळ्यांची गावं, कुळं, लेकरं विचारून घेतलीस. नाते गावाहून भाजी घेऊन येणाऱ्या बाईशी तर तुझं असं जमलं की ती टोपली खाली ठेवून अर्धा अर्धा तास जिन्यावर बसायची. तुझा आवाज खालच्या रस्त्यापर्यंत जायचा. मला लाज वाटायची. सरळच लिहिते, लाज वाटायची. मी आठवीला महाडच्या शाळेत आले तेव्हा माझ्या "हाय" आणि "नाय"वर पोरी खिदळायच्या, वाडीवरची म्हणायच्या. मी वर्षभरात जीभ घासूनपुसून साफ केली. आणि तेव्हापासून सुट्टीत घरी आले की तुझी घासायला बसायचे. "'हाय' नाही गं आई, 'आहे' म्हण." तू चुलीपुढून वळून बघायचीस. "तुज्या 'आहे'नं भात लवकर शिजतो काय?" तेव्हा तू हसण्यावारी नेत होतीस. ते तसंच चालू राहिलं असतं तर मला काही लिहावं लागलं नसतं.

त्या वर्षी मी वर्गात मेक्सिको शिकवत होते. तिथली माणसं मक्याच्या पिठाची भाकरी खातात, तिला तोर्तिया म्हणतात, तर म्हटलं नुसतं सांगण्यापेक्षा करून खाऊ घालावी. पोरांना खाण्यातून जे कळतं ते फळ्यावरून कळत नाही. घरी सराव करायला बसले, तर बाजारातल्या पिठाची एकसुद्धा भाकरी धड होईना. परातीतून उचलली की तुकडे. तू दारात उभी राहून बघत होतीस. चौथी मोडली तेव्हा म्हणालीस, "तांदळाची करतो तशी उकड काढ की गो. गार पान्यात मळल्यावर ती कशाला ऐकतेय?" तू पाणी उकळलंस, पीठ सोडलंस, झाकण ठेवलंस, गरम गरम मळून तव्यावर टाकलीस, आणि ती फुगली. मेक्सिकोच्या बाया काय करतात हे तुला ठाऊक नव्हतं, पण पिठाचं काय करायचं हे ठाऊक होतं. मला इतका आनंद झाला की मी म्हटलं, आई, तूच चल शाळेत. पालकांसाठी कार्यक्रम आहे, तूच करून दाखव. तू तीनदा विचारलंस, "मी? शाळंत?" तू कधी शाळेच्या आत गेलेली नव्हतीस, माझ्या प्रवेशालासुद्धा बाबा गेले होते. तू हिरवं लुगडं काढलंस, आणि आदल्या दिवशीपासून हातांच्या नखांतला काळेपणा लिंबाने घासत होतीस.

हॉलमध्ये टेबलावर शेगडी आहे, परात आहे, समोर जमिनीवर चाळीस पोरं बसलीत आणि मागे खुर्च्यांवर पालक. तू सुरुवात करतेस. "पानी उकळलं का पीठ सोडायचं. ढवळायची घाई नाय करायची. वाईच झाकन ठेवायचं, पिठाला दम खाऊ द्यायचा. तुमी शाळंतनं घरी आल्या आल्या आई अभ्यासाला बसवती, तवा बसता काय? नाय ना? पीठ तरी कसं बसंल?" पोरं हसून हसून एकमेकांवर पडतात. वर्गात तोंड न उघडणारी पोरं तुला प्रश्न विचारायला लागतात. ते बघून मला बरं वाटायला हवं होतं. पण मी मागे बघत होते. कारखान्यातल्या कुणा साहेबांची बायको शेजारणीच्या कानाशी वाकली, आणि दोघी हसल्या. काय बोलल्या ते मला आजपर्यंत माहीत नाही. कदाचित त्यांनाही तू आवडली असशील. पण मला आठवीतल्या त्या पोरी दिसल्या. मी पुढे आले आणि हसत हसत म्हटलं, "आई, तू फक्त करून दाखव. बोलायचं मी बघते." आणि स्वच्छ पुणेरी मराठीत मी पुढचं सांगितलं.

घरी येताना रिक्षात तू एवढंच म्हणालीस, "माज्यामुळं तुला खाली बघाया लागलं काय गो?" मी म्हटलं, काहीतरीच काय. बस्स. एवढं बोलून मी विषय संपवला. त्यानंतर कुणी घरात आलं की तू पाणी आणून द्यायचीस आणि आत जाऊन बसायचीस. फोन वाजला की माझ्याकडे आणून द्यायचीस. शेजारीण काही विचारायला आली तर म्हणायचीस, "थांबा हां, ती येऊन सांगल." मला वाटलं, चला, आईला शहराची सवय झाली. देवाशपथ, मला तसंच वाटलं. एवढी शिकलेली मी, पोरांच्या चेहऱ्यावरून कुणाला शब्द अडलाय ते ओळखणारी.

मग तुला बरं वाटेना. गल्लीतल्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर तरुण होते, चांगले होते, त्यांनी तुलाच विचारलं, "काय होतंय, आजी?" तू तोंड उघडलंस. मग माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "तिला विचारा. ती बरोबर सांगल." आणि मी बरोबर सांगितलं. पित्त आहे हो डॉक्टर, तिला सवयच आहे, दोन दिवस जेवली नाही. शुद्ध, स्पष्ट, एकही शब्द न अडखळता सांगितलं. त्यांनी पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस. तेराव्याला ती नाते गावची भाजीवाली आली, जिन्यातच बसली आणि रडत म्हणाली, "चार दिस सांगत होती वो मला, छातीवर धोंडा ठेवल्यावानी होतंय, डावा हात भरून येतोय. मी म्हनलं लेकीला सांग. तर म्हनली, मला धड सांगता येत नाय, उगाच तिला तरास." तुला धड सांगता आलं होतं. त्या दोन वाक्यांत सगळं होतं, कुठलाही डॉक्टर उठून उभा राहिला असता. ती वाक्यं तू जिन्यात बोललीस, आणि दवाखान्यात मी बोलले.

आता मी वर्गात काय शिकवते ऐक. मी सांगते की स्पेनच्या दक्षिणेकडची माणसं शब्दांची शेवटची अक्षरं गिळतात, मेक्सिकोचे वेगळं बोलतात, समुद्रकाठचे आणखी वेगळं, आणि यातलं काहीच चूक नसतं. पोरं माना डोलावतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय. पण त्यातूनच मी एक काम देते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं एक मिनिटाचं बोलणं फोनवर घेऊन यायचं, वर्गाला ऐकवायचं, आणि ते स्पॅनिशमध्ये सांगायचं. शिवी असेल तर शिवी, लाड असेल तर लाड. गेल्या मंगळवारी पोलादपूरकडून येणारी एक मुलगी उभी राहिली, आंबेनळी घाटाच्या पायथ्याची, आपल्या वाडीच्या पलीकडची. एरवी ती शेवटच्या बाकावर मान खाली घालून असते. तिची आजी कोंबडीला ओरडत होती. "अगो ए भवाने, तांदूळ हायत ते, तुज्या बापाचं नायत!" सगळा वर्ग हसला, तीही हसली, आणि मग एकही शब्द न चुकता तिने कोंबडीला स्पॅनिशमधून शिव्या घातल्या. मी टाळ्या वाजवल्या. तिला इतका जोर चढला की तिने विचारलं, "मॅडम, तुमच्या आईचं हाय का असं काही? आम्हाला ऐकवा ना."

मी म्हटलं, नाही गं. माझी आई फार कमी बोलायची. अबोल होती.

आई, मी हे पहिल्यांदा नाही म्हटलं. तुझ्या तेराव्यालाही म्हटलं होतं, सासरी म्हणते, नवीन ओळखीच्या माणसांना म्हणते. शांत होती, कमी बोलायची. इतक्या वेळा म्हटलंय की नवऱ्यालासुद्धा तू तशीच आठवतेस. आणि रेकॉर्डिंग आहे. त्या कार्यक्रमातल्या एका मुलाने तेव्हा फोनवर घेतलं होतं, मोठा झाल्यावर त्याने ते मला पाठवलं, आजींची आठवण म्हणून. मी ते ठेवलंय, पण माझा आवाज यायच्या आधी दरवेळी बंद करते. आज पहिल्यांदा शेवटपर्यंत पाहिलं. मी पालकांकडे तोंड करून बोलतेय, हात हलवत, छान बोलतेय. मागे तू भाकरी थापतेयस. पुढे बसलेली एक मुलगी हळूच विचारते, "आजी, दम खाऊन झाला का पिठाचा?" तुझा चेहरा खुलतो, तू बोलायला तोंड उघडतेस, आणि मग माझ्या पाठीकडे बघतेस. बराच वेळ बघतेस, मी वळेन म्हणून. मी वळत नाही. मग तू त्या मुलीला नुसती मान हलवून दाखवतेस आणि पुन्हा थापायला लागतेस.

उद्या तिसऱ्या तासाला तोच वर्ग आहे. तुझं ऐकवा म्हणणाऱ्या त्या पोलादपूरकडच्या मुलीला हे ऐकवायचं असं मी ठरवलं होतं. आता लिहिता लिहिता कळतंय की ऐकवेन ते तू पोरांना हसवतेस तिथपर्यंतच, माझा आवाज यायच्या आधी बंद करीन.