बेशुद्ध म्हणून आणलेली सुनंदा

लातूर, मंगळवार, संध्याकाळ

जेवणाचं ताट बाजूला सारून लिहायला बसले. निलंग्याकडच्या सुनंदाला सासरच्यांनी बेशुद्ध म्हणून वॉर्डात आणलं. सर आम्हा इंटर्न मुलींना घेऊन खाटेपाशी आले. हाक मारली, ती हलली नाही. मग शुद्ध आहे का बघायला मुठीनं छातीच्या हाडावर जोरात रगडलं. तिच्या पापण्या आणखी घट्ट मिटल्या.

"बघा, शुद्धीत आहे. नाटक करून राहिली." सर हसले आणि पुन्हा रगडलं, मागच्यांनाही दिसावं म्हणून. तिचा नवराही हसला. शी! ते हसणं! आणि मी? वहीत लिहून घेत होते.

सगळे गेल्यावर पडदा ओढला. छातीवर रगडल्याचा लाल डाग, आणि त्याच्या आजूबाजूला जुने, काळेनिळे वळ.

"ताई, ते गेलेत."

तिनं डोळे उघडले. "म्याडम, मला शुद्धीवर आनू नका. शुद्धीवर आले की घरी नेतेत."

म्हणजे सरांचं निदान बरोबर होतं. हेच जास्त किळसवाणं. वळ त्यांनाही दिसलेच असतील ना?

तिला विचारूनच सिस्टरना पोलिसांना कळवायला सांगितलं. बाहेर नवरा उभा होता.

"आली का शुद्धीवर?"

"न्हाई," मी म्हणाले. "अन् आत जायचं न्हाई."