हिरवा दिवा लागेपर्यंत

ताई,

भाड्याचा रेकॉर्डर घेऊन शूटिंगला निघालोय. आपल्या कॅमेऱ्याचा रेकॉर्डर टेबलावर आहे, त्यात पैसे भरून घेतलेलं नवं सॉफ्टवेअर चढतंय. त्याशिवाय पुढची कामं मिळेनात. सुरू केल्यावर स्क्रीनवर आलं की शेवटी डिस्क पुसली जाईल. बाबांचं शेवटचं बोलणं त्याच डिस्कवर आहे. कॉपी करून ठेवलंय म्हणून तुला सांगितलं, ते खोटं होतं; आणि हे चालू असताना आता कॉपी करताही येत नाही.

मध्येच प्लग काढला तर डिस्क वाचेल, पण रेकॉर्डर कायमचा जाईल. मी दोनदा हात लावला, काढवला नाही. तू येशील तेव्हा सगळं पूर्ण झाल्याचा हिरवा दिवा लागायला वीसेक मिनिटं उरली असतील. थर्मासात चहा आहे.

काय ते तूच कर. फोन करून मला विचारू नकोस.